चुकीला टाळ्या

भास्कर, कॉलनीच्या तोंडाशी तुझा फ्लेक्स लागलाय आणि त्यावर तुझ्या नावाच्या वर ठळक अक्षरांत 'अजातशत्रू' छापलंय.

मी दूध आणायला निघालो होतो. रस्त्याच्या मधोमध उभा राहून वाचलं आणि हसायला लागलो. मागून रिक्षावाला ओरडला, "काका, मरायचं असंल तर बाजूला होऊन मरा ना!" त्याच्या बोलण्यात तथ्य होतं, पण मला हलताच येईना. अजातशत्रू कोण, हा प्रश्न तू प्रत्येक बॅचला घालायचास. मगधाचा राजा, ज्यानं गादीसाठी आपल्या बापाला, बिंबिसाराला, कोंडून उपाशी मारलं, तो. आणि बापाच्या फ्लेक्सवर हा शब्द टाकला कुणी? तुझ्या मुलानं, मिलिंदनं. त्या बिचाऱ्याला एवढंच म्हणायचं होतं की ह्या माणसाला शत्रू नव्हता. तेही खोटंच. तुझ्या शत्रूंची नावं लिहायची म्हटली तर फ्लेक्सची मागची बाजूही पुरायची नाही.

परवा विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. एकेक जण उठून सांगत होता, भास्कररावांनी आयुष्यात कुणाला दुखावलं नाही. त्यातले किमान चौघं तुझ्यामुळे रडलेले मी स्वतः पाहिलेत. मी मागच्या खुर्चीवर होतो. मिलिंदनं आधीच कानाशी येऊन सांगितलं होतं, "काका, तुम्ही नका बोलू हां. आईला त्रास होईल." पोरगं शहाणं आहे. मी बोललो असतो तर खरं बोललो असतो, आणि मेलेल्या माणसाबद्दल खरं बोलणाऱ्याला आपल्याकडे नंतर चहा देत नाहीत.

कार्यक्रमानंतर सुमनवहिनींनी मला घरात बोलावलं आणि एक प्रश्न विचारला. तोच तुला सांगायचाय. पण मी सरळ मुद्द्यावर आलो तर तूच म्हणशील हा सुध्या नव्हे, कुणीतरी तोतया आहे. तेव्हा जरा फिरून येतो.

तुझा वर्ग. दर रविवारी चार वाजता, विहाराच्या हॉलमध्ये. पोलीस भरतीवाली, तलाठी परीक्षेवाली, सातव्यांदा नापास झालेली पोरं. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात तू जन्मभर बॉयलरशेजारी काढलास, आणि निवृत्तीनंतर तीच धग घेऊन इथे आलास. वर्ग फुकट होता म्हणून पोरं अपमान सोसतात असं मला वाटायचं. नंतर कळलं, इतका ताजा अपमान पैसे मोजूनही नाशकात कुठे मिळत नव्हता.

तुझी रीतच उलटी. बरोबर उत्तराला तू मानसुद्धा हलवायचा नाहीस. "यायलाच पाहिजे होतं. उपकार केले का?" चुकीला मात्र अख्ख्या हॉलनं टाळ्या वाजवायच्या. चुकणाऱ्यानं उभं राहून त्या पूर्ण ऐकायच्या, मग खाली बसायचं. मी एकदा म्हटलं, भास्कर, हे फार दुष्ट आहे. तू म्हणालास, "घरचे बरोबर-बरोबर म्हणून म्हणून यांना खड्ड्यात घालतात. परीक्षेला घरचे येत नाहीत, सुध्या."

पेठकडची ती मुलगी आठवते? पहिलाच दिवस तिचा. तू समूहदर्शक शब्द विचारलास, काजूंची काय? ती म्हणाली, जुडी. हॉलभर टाळ्या. तिला वाटलं आपलं कौतुक चाललंय. लाजून हसली, मान झुकवून खाली बसली. मी तुझ्याकडे बघितलं, आता सांगशील, मग सांगशील. तू पुढच्या प्रश्नाकडे वळलास. पोर आठवडाभर काजूंची जुडी घोकत राहिली. पुढच्या रविवारी कुणीतरी तिला सांगितलं की काजूंची गाथण असते आणि टाळ्या कशाच्या असतात. पायरीवर बसून रडली. आज ती तलाठी आहे आणि तुझ्या अंत्ययात्रेला आली नाही. मला ती मुलगी फार आवडते.

आणि तो उंच पोरगा, पावसात एकटाच आलेला. "सर, हत्तींचा कळप, उंटांचा तांडा, माकडांची टोळी, मग गाढवांचं काय म्हणायचं?" तू चष्मा पुसत म्हणालास, "आज तू एकटाच आलायस. समूहाची गरज नाही."

माझी गोष्ट वेगळी. मी एका शाळेत कारकून होतो, अक्षर बरं होतं, म्हणून तू मला फळ्यावर लिहायला ठेवलंस. एका रविवारी तुला लग्नाला जायचं होतं, आणि तू, ज्यानं जन्मात कुणावर विश्वास ठेवला नाही, वर्ग माझ्या ताब्यात दिलास. विषय वाक्प्रचार. 'अटकेपार झेंडा लावणे' आला. मला मूळ ठाऊक नव्हतं, पण खडू हातात असला की माणसाला सगळं येतंय असं वाटतं. मी सांगितलं, "अटक म्हणजे पोलीस करतात ती. जे अटकेलाही न जुमानता पलीकडे गेले आणि ज्यांनी झेंडा लावला, म्हणजे आपले स्वातंत्र्यसैनिक." पोरांनी लिहून घेतलं. एकीनं अधोरेखित केलं.

पुढच्या रविवारी तू तोच वाक्प्रचार विचारलास. सगळ्या वर्गानं एका सुरात माझं उत्तर दिलं. पंचाईत अशी की सगळेच चुकल्यामुळे टाळ्या वाजवायला कुणी उरलंच नाही. मग तू एकट्यानं वाजवल्यास. सावकाश, माझ्याकडे बघत. "सिंधू नदीच्या काठावर अटक नावाचं ठिकाण आहे, सुध्या. किल्ला आहे. मराठे तिथून पुढे गेले. तू विहाराच्या उंबऱ्यातच आडवा झालास." त्या दिवसापासून पोरं मला बघितलं की मनगटं जोडून बेडी घातल्यासारखी करायची.

आणि आनंदीबाई. तो वाद आपला मिटलाच नाही. मी म्हणायचो, 'ध'चा 'मा' तिनंच केला, पुतण्याला धरावं असा हुकूम होता तो मारावं केला. तू म्हणायचास, "कागद दाखव." मी म्हणायचो, सगळा महाराष्ट्र म्हणतो. तू उखडायचास. "सगळा महाराष्ट्र म्हणतो म्हणून बाईला खुनी ठरवायचं? आपल्याबद्दल गावं काय काय म्हणत आली, विसरलास?" ह्यावर मी नुसता आवाज चढवला. शेवटी तू स्कूटर काढलीस. "चल आनंदवल्लीला. राहायची तिथे. तिलाच विचारू." गेलो. गंगापूर रोडवरून आत वळलो तर सगळीकडे इमारतीच इमारती. एका गेटवर तू वॉचमनला विचारलंस, "आनंदीबाई इथेच राहायच्या ना?" तो म्हणाला, "विंग कोणती?" तू चेहऱ्यावरची सुरकुती हलू न देता म्हणालास, "आधी 'ध' विंगला होत्या. नंतर 'मा'ला गेल्या म्हणतात. पण पुरावा नाही." आणि त्या भल्या माणसानं रजिस्टर उघडून पानं चाळायला सुरुवात केली.

मी आजही म्हणतो तिनंच केलं. आता समोर तू नाहीस, पण म्हणून मी जिंकलो असंही होत नाही. मेलास आणि तेवढाही आनंद घेऊन गेलास.

मग तुला झटका आला. उजवी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आलास तेव्हा कळलं की नामं गेलीत आणि क्रियापदं शिल्लक आहेत. पाणी म्हणता येईना, 'पिऊ' म्हणायचास. चष्म्याला 'बघायचं'. ज्याला जगातल्या प्रत्येक ढिगाचं, थप्पीचं, चळतीचं नाव ठाऊक होतं, त्याला ताट म्हणता येईना. दैव म्हणतात ते असंच हुडकून मारतं. धावणाऱ्याचे पाय सोडले असते त्यानं, पण तुझी जीभ सोडली नाही.

खरं सांगू? पहिल्या दिवशी मला आत कुठेतरी बरं वाटलं. हयातभरात पहिल्यांदा मला तुझ्यापेक्षा जास्त येत होतं.

मी रविवारी चारला आलो आणि खुर्ची ओढून विचारलं, "हत्तींचा?" तू कपाळाला आठ्या घालून म्हणालास, "ते... चालतात." मी म्हटलं, "चूक. कळप," आणि टाळ्या वाजवल्या. तुझा डावा हात उठला आणि मांडीवर आपटला. एका हाताची टाळी. तूही वाजवत होतास.

वहिनी स्वयंपाकघरातून आल्या. "भाऊजी, बरोबर म्हणायला तुमचं काय जातं?"

"वहिनी, त्याला चालत नाही. त्याच्या वर्गात—"

"वर्ग तिकडं. हे घर हाय. माणूस एवढा पडलाय, आन तुम्ही टाळ्या पिटता?"

"अहो, पण खोटं कसं सांगू? आपलं चौथं शील काय आहे?"

"चौथं चांगलं पाठ हाय तुम्हाला. पहिलं काय हाय? जिवाला इजा करायची नाय. त्याचा नंबर आधी लागतो."

तू ओठांच्या चांगल्या बाजूनं हसलास. तुझ्या घरात खरी हुशार कोण होती, ह्याचा प्रश्न तू कुठल्याच बॅचला कधी घातला नाहीस.

तरी मी सोडलं नाही. दर रविवारी यायचो, चूक म्हणायचो. कधीतरी नामंही परत यायची, चुकीच्या ठिकाणी, पण यायची. मग मिलिंद पुण्याहून सुट्टी काढून आला. त्यानं मोबाइलवर वाचलं होतं की पेशंटला प्रोत्साहन द्यावं, सोपं सोपं विचारावं. शेजारचे दोघं-तिघंही येऊन बसले. मिलिंद तुझ्यापुढे उकिडवा बसला आणि लहान मुलाशी बोलावं तसा म्हणाला, "पप्पा, सांगा बरं, आपल्या देशाची राजधानी कोणती?"

ज्यानं अख्ख्या कॉलनीला देश आणि राजधान्या पाठ करायला लावल्या, त्याला हे.

तू बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिलास. मग म्हणालास, "मालेगाव."

"वा! बरोबर! शाब्बास पप्पा!" मिलिंद ओरडला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वहिनींनीसुद्धा, डोळे पुसत.

तुझा चेहरा मी बघत होतो. तोंडं बरोबर म्हणतायत आणि हात टाळ्या वाजवतायत. तुझ्या शाळेत टाळ्यांचा एकच अर्थ होता, त्यामुळे तू ह्याच्याकडे बघ, त्याच्याकडे बघ, असं करत करत माझ्यावर येऊन थांबलास.

मी म्हणालो, "चूक."

आणि तू हसलास, भास्कर. झटक्यानंतर पहिल्यांदा मोठ्यानं. अर्ध्या तोंडानं, लाळ गळत, खांदा हलवत. मी पैजेवर सांगतो, तू मुद्दाम म्हणाला होतास. त्या खोलीत अजून कोण खरं बोलतंय ते तुला बघायचं होतं. वहिनींचं म्हणणं, तुला खरंच आठवलं नव्हतं आणि मी भरल्या घरात तुझी चेष्टा केली. दोघांपैकी कोण बरोबर, ते सांगू शकणारा एकच माणूस होता.

वहिनींनी माझ्या चपला उचलल्या, दाराबाहेर सरळ लावून ठेवल्या आणि म्हणाल्या, "घाला, भाऊजी."

मग माझे रविवार हद्दपारीत गेले. मी मुद्दाम तुझ्या घरावरून भाजीला जायचो. बाजार उलट दिशेला आहे हे सगळ्या कॉलनीला माहीत होतं. खिडकीतून तुझं टक्कल दिसावं म्हणून इतकी मेथी आणली की आमच्या घरात बंड झालं.

एक दिवस वहिनींचा फोन. "या. रविवारी चार वाजले की दाराकडं बघत बसतात. पण आधीच सांगते. प्रश्न नाय. चूक नाय. वाद तर बिलकूल नाय. नुसतं बसायचं."

मी कबूल केलं. आलो तेव्हा तू आणखी वाळला होतास. मधे दुसरा झटका येऊन गेला होता, हे मला कुणी कळवलं नव्हतं. वहिनी चमच्यानं पेज भरवत होत्या, ओठांच्या कडेनं ओघळलेली बोटानं परत आत सारत होत्या. मी शेजारी बसून राहिलो. दोन गप्प म्हातारे. समूहदर्शक शब्द माहीत नाही.

असे काही रविवार गेले. मग तो एक. वहिनी वाटी धुवायला आत गेल्या, आणि तू माझी बाही ओढलीस. आत बोट केलंस.

"ही... कोण?"

इतक्या दिवसांत त्या घरात विचारला गेलेला पहिला प्रश्न, आणि तो तू विचारत होतास. मला उत्तर येत होतं.

"वहिनी आहेत. सुमन. तुझी बायको."

तू मान हलवलीस. नकारार्थी. आणि स्पष्ट म्हणालास, "चूक."

मग किती वेळ जुळवाजुळव केलीस. "सुमन... बारीक." डाव्या हातानं पाठीवर लांब वेणी दाखवलीस. नंतर पुन्हा स्वयंपाकघराकडे बोट. "ही... बाई. चांगली. भरवते." आणि काळजीनं माझ्याकडे वाकलास. "जाऊ दे... घरी. हिला. उशीर झाला."

वहिनींनी वाद घालायचा नाही म्हणून सांगितलं होतं. मी नाही घातला. "बरं," म्हणालो. तुला बरं वाटलं. त्यानंतर आपला रविवार आला नाही.

आता परवाचं. मिलिंद भाड्याच्या खुर्च्या परत करायला गेला होता. वहिनी तुझ्या पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, गादी आधीच गुंडाळलेली. म्हणाल्या, "बसा, भाऊजी."

मी बसलो.

"मी सगळ्यांना विचारलं. शेवटी शेवटी ते मला ओळखत होते का. मिलिंद म्हणतो, हो आई, ओळखत होते. शेजारच्या म्हणतात, डोळ्यांत दिसायचं बाई. डॉक्टरपण तेच म्हणतो. सगळे लगेच म्हणतात. विचार पण करत नाय कोणी." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तुम्हाला चूक म्हणायची सवय हाय. म्हणून तुम्हाला बोलावलं. ओळखत होते का?"

भास्कर, तू मला आयुष्यात फार छळलंस, पण इतकं नाही. बरोबर म्हणायला माझं काय जातं, हे त्यांनीच मला विचारलं होतं. आता म्हटलं असतं तर काही गेलं नसतं. चहा मिळाला असता. बाई रात्री झोपल्या असत्या. पण सगळ्या कॉलनीतून त्यांनी मला वेचून काढलं होतं, आणि ज्या कारणासाठी वेचलं त्याच कारणासाठी मला कधी काळी घराबाहेर काढलं होतं.

"नाही, वहिनी," मी म्हणालो. "नव्हता ओळखत."

मग मी सगळं सांगितलं. तुझं बोट, तू हातानं दाखवलेली वेणी, ती चांगली बाई जी भरवते, आणि तिला उशीर होतोय म्हणून तुझी काळजी. सांगताना वाटत होतं, निदान शेवटचं ऐकून त्यांना जरा बरं वाटेल. नवरा अनोळखी बाईसाठीसुद्धा इतका जीव टाकत होता, वगैरे. मी मूर्ख आहे, हे तू फळ्यावर लिहून ठेवलं होतंस.

"मग तुम्ही काय म्हणालात?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. बरं म्हणालो."

"बरं म्हणालात."

"तुम्हीच सांगितलं होतं, वाद घालायचा नाही."

"मी सांगितलं होतं!" वहिनी उठून उभ्या राहिल्या. "जन्मभर माझं कधी ऐकलंत का तुम्ही दोघांनी? ती पेशव्यांची बाई मरून दोनशे वर्षं झाली, तिच्यावरून गल्ली डोक्यावर घ्यायचे. स्कूटरवर बसून भांडायला जायचे. आन माझ्यावर आलं, ही सुमन नाय म्हणाले, तेव्हा तुम्हाला गप बसायचं सुचलं? तेव्हाच बरं ऐकलंत माझं?"

मला उत्तर आलं नाही. त्यांनी टाळ्याही वाजवल्या नाहीत. आत गेल्या, आणि बराच वेळ नळ चालू असल्याचा आवाज येत राहिला. मी चपला घातल्या. ह्या खेपेला त्या मला स्वतःच सरळ कराव्या लागल्या.

तर भास्कर, ऐक. उशीर झालाय, पण वाद घालतो. तू चुकलास. माझं उत्तर बरोबर होतं. ती सुमनच होती. वेणी तुझ्या आजारपणात विंचरायला वेळ मिळेना म्हणून तिनं कापून टाकली होती, आणि बारीक ती तीस वर्षांपूर्वी होती, जेव्हा तूही माणसासारखा दिसायचास. आणि तिला सोडायची, घरी पाठवायची काही गरज नव्हती रे. ती घरीच होती.